पान एकशे बारा

शहादेवांनी अंगठा उचलला, पडद्यावर टेकवला आणि पुन्हा उचलला. मोबाइलवर त्यांचं नाव आलं होतं, गाव आलं होतं. त्याखाली एक चौकट रिकामी होती. हुद्दा.

"लिवा की काका," समिना म्हणाली. तिच्यापुढं बाकावर ट्रकच्या इंजिनातला डिझेल पंप उघडा पडला होता. हात कोपरापर्यंत काळे, म्हणून मोबाइल तिनं त्यांच्याकडंच दिला होता.

"काय लिवू?"

"ग्रंथपाल."

शहादेवांनी मागं पाहिलं. केजच्या बसस्थानकामागच्या त्या पत्र्याच्या दुकानात तिसरं कोणी नव्हतं. समिनाचा बाप मैनुद्दीन बाहेर एका ट्रकखाली आडवा होता आणि त्याचे नुसते पाय दिसत होते. तरी शहादेवांनी आवाज खाली आणला.

"कागदावर मी शिपाई होतो, बेटा."

"एकतीस वर्षं गावाला पुस्तकं कोण देत होतं? तुमी का कागद?"

समिनानं एक बोट चिंधीला पुसलं आणि तो शब्द स्वतःच उमटवून टाकला. शहादेव बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. दुसऱ्याची टोपी घालून आरशापुढं उभं राहिल्यासारखं त्यांना वाटत होतं.

नोकरीधंद्यातली माणसं एकमेकांची ओळख ठेवतात, अशी ती साइट होती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मार्गदर्शन करायला आलेल्या साहेबांनी सगळ्या वर्गाला तिच्यावर खातं उघडायला लावलं होतं. गावाचं नाव काढा, पुणे टाका. मेकॅनिक लिहू नका, सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह लिहा. कोट घालून फोटो काढा. वर्गातल्या पोरांनी एकच कोट आळीपाळीनं घालून फोटो काढले. समिनानं काढला नाही. तिच्या फोटोत ओढणी होती, हातात पंप होता आणि खाली लिहिलं होतं, 'डिझेल पंप मेकॅनिक, केज'. "चाकणला बंद पडलेली गाडी पुण्याचं नाव वाचून चालू हुईल का?" असं तिनं साहेबांना विचारलं होतं. त्यानंतर साहेबांनी तिला काही विचारू दिलं नाही.

दर आठवड्याला दुकानात काय बिघडलेलं आलं आणि दोष कसा सापडला, याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ ती तिथं टाकायची. तेच बघून चाकणच्या एका कंपनीतल्या पौर्णिमा मॅडमनी तिला लिहिलं. सर्व्हिस विभागात एक जागा होती. वरचे लोक मात्र म्हणत होते, मुलगी घरच्याच दुकानात शिकलेली, बाहेरचं कोणी सांगतंय का तिच्याबद्दल? घराबाहेरच्या एका माणसानं, ज्यानं तिला शिकताना पाहिलंय, तिच्या पानावर चार ओळी लिहाव्यात. गुरुवारपर्यंत.

कॉलेजातल्या सरांनी आधीच लिहिलं होतं. ते तिनं काढून टाकलं. 'आज्ञाधारक व मनमिळाऊ.' सगळ्या वर्गाला तेच. म्हणून आता शहादेवांना बोलावलं होतं.

"आज्ञाधारक," ती पंपाकडं बघत म्हणाली. "ह्याला काय करायचंय त्याचं?"

संध्याकाळी शहादेवांनी चार कागद फाडले आणि पाचवा बायकोला वाचून दाखवला. सदर विद्यार्थिनी अत्यंत होतकरू, सुशील व कष्टाळू असून तिचे वर्तन उत्तम आहे. केशरबाई मेथी निवडत ऐकत होत्या.

"कुणाच्या पोराला दाखवायचीय तिला?" त्या म्हणाल्या.

"कावून?"

"न्हाई, स्थळाच्या चिठ्ठीत असंच असतंय."

शहादेवांना ते पटलं. पण याहून बरं आपल्याला जमेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. बुधवारी सकाळी तेच समिनाच्या पानावर चढलं.

दहा वाजता ते रोजच्यासारखे वाचनालयात पेपर वाचायला गेले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या जागी नवा माणूस घेतलेला नव्हता. नऊ कपाटं तशीच उभी होती आणि सगळ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडलेला असे. टेबलामागं सचिव विजयसिंह बसले होते. ते शहादेवांहून पंधरा वर्षांनी लहान होते.

"या, ग्रंथपाल," विजयसिंह म्हणाले आणि मोबाइल टेबलावरून पुढं सरकवला. "माझा पुतण्या हाय त्या साइटवर. त्यानं दाखवलं. तू कधी झालास बे ग्रंथपाल?"

शहादेव उभेच होते.

"कंपनीवाले फोन करून खात्री करतेत, म्हाईत हाय ना? मला केला तर मी खोटं बोलणार न्हाई. शिपाई होता, झाडू मारायचा, हेच सांगणार. मग त्या पोरीचं काय व्हायचं ते हुईल."

"काढतो," शहादेव म्हणाले.

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांना आपलाच तो शब्द ऐकू आला. एकतीस वर्षं त्या टेबलापुढं ते असेच शब्द बोलत आले होते. आणतो, ठेवतो, पुसतो, काढतो.

दुकानात जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. समिनानं पाना खाली ठेवला.

"सांगू द्या त्यांना काय सांगायचंय ते."

"ते खरंच सांगतील. खोटी तू ठरशील."

"काढू नका, शहादेवभाई," ट्रकखालून मैनुद्दीनचा आवाज आला. "डायवर लोक मला डाक्टर म्हणतेत. मी कुठं कॉलेजला गेलतो?"

शहादेव जुन्या टायरवर बसले. समिनानं मोबाइल उघडून त्यांच्या हातात दिला. काचेवर तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. रेषान् रेष दिसत होती. शहादेवांनी तो पुसायला धोतराचा सोगा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग सोगा खाली सोडला.

हुद्द्याच्या चौकटीतला शब्द त्यांनी एकेक अक्षर करून खोडला. तिथं लिहिलं, शिपाई. समिनानं तोंड फिरवलं आणि पंप पुढ्यात ओढला. शहादेवांनी सुशील आणि कष्टाळूही खोडलं. मग ते एका बोटानं लिहीत बसले. ट्रक दुरुस्त होऊन गेला, मैनुद्दीन हात धुऊन नमाजला जाऊन आला, तरी ते लिहीतच होते.

"वाच," शेवटी ते म्हणाले.

'मी वाचनालयात एकतीस वर्षं शिपाई होतो. पुस्तक काढून देणं आणि परत आलेलं जागेवर ठेवणं हे माझं काम होतं, म्हणून मला हे माहीत आहे. समिना तेरा वर्षांची असताना डिझेल इंजिनाचं पुस्तक तिनं वडिलांच्या नावावर नेलं. त्या एका वर्षात अकरा वेळा नेलं. पानांवर काळ्या बोटांचे ठसे आहेत. जिथं ती अडली तिथं ते जास्त आहेत. पान एकशे बारावरच्या आकृतीत उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणाऱ्या नळीचा बाण उलटा छापलेला आहे. तिनं तो पेन्सिलीनं सुलटा केला आणि पुस्तक चुकलंय असं मला येऊन सांगितलं. मी म्हणालो, छापलेलं चुकत नसतं. तिनं मला दुकानात नेलं आणि नळी सोडून दाखवली. पुढं पुस्तक खराब झालं म्हणून रद्दीत काढायला मला सांगण्यात आलं. मी काढलं नाही. ते अजून वाचनालयात आहे. ही मुलगी आज्ञाधारक आहे असं मी म्हणणार नाही.'

समिनानं दोनदा वाचलं.

"रद्दीचं कावून लिवलं, काका? त्यो हुकूम विजयसिंहांचाच व्हता ना? ते तुमाला पेपर वाचाय बी आत यिऊ देनार न्हाईत."

"न्हाई तर न्हाई."

"आन् मराठीत चालंल का?"

"तुझे व्हिडिओ कशात हायेत?" शहादेव म्हणाले. "चढव. वाचनालयाचा नंबर बी टाक."

गुरुवारी सकाळी केशरबाईंनी त्यांना धुतलेला सदरा दिला आणि कुठं निघालात ते विचारलं नाही. वाचनालयात शहादेव खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. पेपर उघडला. एक बातमी तीनदा वाचली. साडेअकराच्या सुमाराला टेबलावरचा वाचनालयाचा मोबाइल वाजला.

"हां, बोला," विजयसिंह म्हणाले. मग ते खुर्चीत मागं रेलले आणि खिडकीकडं बघत मोठ्यानं बोलू लागले. "शहादेव? बाई, तो शिपाई होता. शिपाई."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"तसंच लिवलंय? कधी?" ते सरळ बसले. "न्हाई, मी कालचं बघितलं होतं... हां. हां. कोणतं पुस्तक?"

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग फोन छातीशी धरून त्यांनी समोरच्या नऊ कपाटांकडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा उचलला. त्यातली एक किल्ली धरली, सोडली, दुसरी धरली.

"शहादेवराव," ते म्हणाले. "ते डिझेलचं पुस्तक... त्यांना एका पानाचा फोटो पाहिजे. आत्ता. कुठं असंल?"

शहादेवांचे पाय सवयीनं खुर्चीखाली गोळा झाले. गुडघ्यांवर हात टेकले गेले. मग त्यांनी हात उचलून पुन्हा पेपर धरला, आणि पाय होते तिथं लांब केले.

"सातवं कपाट," ते म्हणाले. "पितळी किल्ली. खालचा कप्पा, भिंतीकडनं तिसरं. जुन्या पंचांगांच्या मागं."

विजयसिंह जुडगा घेऊन उठले. शहादेवांनी पान उलटलं. कुलूप दोनदा अडलं, तिसऱ्यांदा उघडलं.

"पान एकशे बारा," शहादेव पेपरातून वर न बघता म्हणाले. "बाण नीट दिसू द्या."

एका हातात फोन धरून, दुसरा कपाटाला टेकवत, विजयसिंह खालच्या कप्प्यापुढं हळूहळू वाकले.