भोक तेलासाठीच असतं

भैयाजींच्या काळ्या मॉरिसचा ब्रेक दाबला की गाडी ओरडत असे. बेसा तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं. गाडी हुडकेश्वरच्या वळणावर ओरडली की इकडे बेसाला त्यांच्या पत्नी कुसुमताई चहाचं आधण ठेवीत, असं गावात बोललं जाई. खरंखोटं मला ठाऊक नाही. मी भैयाजींबरोबर जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा चहा मात्र तयार असे.

एरवी या ओरडण्याचं कोणाला काही वाटलं नसतं, पण त्या चैत्रात शोभाला पाहायला पाहुणे येणार होते. शोभा म्हणजे भैयाजींची एकुलती एक लेक, बी.ए. झालेली. आधीची दोन स्थळं येऊन, पोहे खाऊन गेली होती. पोहे चांगले होते, असं दोघांनीही कळवलं होतं. हे तिसरं स्थळ मी आणलं होतं. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी बाबारावजी आणि त्यांचा मुलगा मधुसूदन. माणसं चांगली होती आणि मी मध्यस्थ होतो. म्हणजे जमलं तर देवाची कृपा आणि फिसकटलं तर माझी चूक.

"दारात गाडी अशी किंचाळली, तर पाव्हणे काय म्हणतीन?" कुसुमताई म्हणाल्या. "म्हणतीन, या घरचं सारंच असं हाय. आवाज बंद करा, नाही तर बंडी जुंपा."

बंडी म्हणजे त्यांची बैलगाडी. गाडी दारात असताना व्याह्याला बैलगाडीतून आणायचं, ही कल्पना भैयाजींना सोसली नाही. ते मला घेऊन ताराचंद मिस्त्रीकडे गेले.

ताराचंदने चाकाची बशी काढली आणि बिडी पेटवून सगळं नीट समजावलं. चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, तो ड्रम. त्याच्या आत दोन कमानी, त्यांवर अस्तर. पाय दाबला की अस्तर डब्याला घासतं आणि गाडी थांबते. अस्तर तीस हजार मैल टिकतं. पायाचा हलका माणूस असेल तर चाळीस हजारही. भैयाजींसारखा शेवटच्या क्षणी दाबणारा असेल तर वीसही पुष्कळ. आवाज येतो तो आत साचलेल्या धुळीचा. डबा उघडायचा, धूळ पुसायची, अस्तरावर पॉलिश पेपर मारायचा. अस्तर झिजलं की ब्रेक खाली जातो, मग डब्याला हे भोक दिसतं ना, त्यातून पेचकस घालून आतला स्क्रू कसायचा. गाडी सोमवारी ठेवून जा.

पाहुणे रविवारी येणार होते.

भैयाजींनी सगळं मान हलवत ऐकलं, पण डोक्यात राहिलं ते भोक. यात त्यांचा फार दोष नाही. त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या बंडीच्या चाकाला तेल घातलं होतं. कुसुमताईंच्या शिलाई मशीनला भोकं होती, ती तेलाची. विहिरीवरच्या पंपाला भोक होतं, तेही तेलाचं. कारखानदार माणूस उगाच लोखंडाला भोक पाडत नाही.

रविवारी सकाळी त्यांचा जुना गाडीवान धोंडबा याने बंडीसाठी ठेवलेलं एरंडेल काढलं आणि चारही चाकांच्या भोकांत धन्याच्या देखरेखीखाली ओतलं. उरलं तेही ओतलं. शुभकार्यात हात आखडता घेऊ नये.

गांधीबागेपर्यंत गाडी जरा पुढे जाऊन थांबत होती, एवढंच. तिथे बाबारावजी पुढे बसले, मी आणि मधुसूदन मागे. वाटेत तेल आत मुरत गेलं. भैयाजींनी एकदा ब्रेक दाबला, कान दिला आणि मागे वळून मला म्हणाले, "आहे का आवाज?"

आवाज नव्हता. समोरची म्हैस बाजूला झाली म्हणून बरं.

बेसाला घर आलं. कुसुमताई ओवाळायचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या. भैयाजींनी ब्रेक दाबला आणि गाडी कुसुमताईंसमोरून अदबीने निघून गेली.

भैयाजींच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "पहिले गाव पाहून घेऊ," ते म्हणाले.

मग आम्ही गाव पाहिलं. मारुती पाहिला, शाळा पाहिली, नत्थूजी पाटलांचा संत्र्याचा बगीचा पाहिला. गाडी बंद करून थांबवता आली असती, पण ती थांबली असती तिच्या मर्जीच्या जागी आणि ओवाळणं तर दारात व्हायला हवं होतं. बाबारावजींनी विचारलं, हा बगीचा कोणाचा? भैयाजी तेव्हा खाली वाकून हँडब्रेक ओढत होते. तोही त्याच डब्यांतून चालत असल्याने उपयोग झाला नाही, पण त्यांची मान दोनदा हलली. बाबारावजींनी बगीचा पुन्हा एकदा नीट पाहिला. पुढच्या फेरीत त्यांनी विहीर विचारली. मान पुन्हा हलली.

दुसऱ्या फेरीला कुसुमताई दोन पावलं पुढे आल्या आणि चार मागे गेल्या. तिसऱ्या फेरीला निरांजन विझलं होतं. तेव्हा भैयाजींनी अंगणात गाडी वळवली आणि कुटाराच्या ढिगात घातली. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. त्यापेक्षा चांगला ब्रेक मी आजवर पाहिलेला नाही. खिडक्या उघड्या होत्या. आम्ही चौघेही बाहेर पडलो तेव्हा कोण वरपक्ष आणि कोण वधूपक्ष, हे ओळखू येत नव्हतं.

झटकून झाल्यावर बैठक बसली. बाबारावजी खुशीत होते. त्यांच्या मिशीत कुटार होतं. ते म्हणाले, "भैयाजी, बगीचा, विहीर, एवढी इस्टेट, अन् तुम्ही कधी बोलले नाही. मले हे आवडलं. माणूस दाखवते, पण बोलत नाही."

भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. एक शब्द न बोलता लग्न जमत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि तेवढं त्यांना येत होतं.

शोभा पोह्यांचा ट्रे घेऊन आली. बाबारावजींना बशी देऊन तिने तो मधुसूदनपुढे धरला आणि बोलली मात्र बाबारावजींशी.

"बगीचा नत्थूजीचा हाय, काकाजी. विहीर गावाची हाय. आमचं फक्त कुटार."

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. बाबारावजींचा चमचा थांबला.

"मग चकरा काहून मारून राहिले होते?" त्यांनी विचारलं.

भैयाजींनी लेकीकडे पाहिलं. मग खाली पाहत म्हणाले, "गाडी थांबत नव्हती जी. मी भोकात तेल टाकलं."

मधुसूदनने पोह्यांची बशी खाली ठेवली, कारण ती हलत होती. बाबारावजींनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, तेव्हा त्याचे खांदेही हलू लागले. शेवटी त्यांनी पोहे संपवले, पोहे चांगले आहेत म्हणाले आणि निघायची परवानगी मागितली. मी मनातल्या मनात चौथ्या स्थळाची आठवण करू लागलो.

मॉरिसचा प्रश्नच नव्हता. धोंडबाने बंडी जुंपली. तिचं तेल गाडीत गेलेलं असल्यामुळे ती बेसापासून नागपूरपर्यंत करकरत राहिली. बाबारावजी वाटभर बैलांच्या शिंगांकडे पाहत बसले. गांधीबागेत उतरताना मात्र त्यांनी धोतराला चिकटलेला भुसा झटकला आणि मला म्हणाले, "पोरीनं जमत असलेलं लग्न मोडू घातलं, बाप्पा. आमच्या दुकानात असं खरं बोलणारं कोणीच नाही." मग म्हणाले, "मुहूर्त काढा. पण एक अट हाय. वरातीत भैयाजी गाडी चालवणार नाहीत."

तेल प्यायलेलं अस्तर पुन्हा कामाला येत नाही. ताराचंदने ते काढून फेकलं, डबे रॉकेलने धुऊन सुकवले आणि नवं बसवलं. पेचकस कुठे घालायचा, हे पाहायला भैयाजींबरोबर शोभाही गेली होती. योगायोगाने मधुसूदनही तिथे आला होता. तो पुढचे चार रविवार योगायोगाने येत राहिला.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला आणताना गाडी ताराचंदने चालवली. उन्हाळ्याची धूळ आत गेलीच होती. दारात ब्रेक लागला आणि गाडी किंचाळली.

"आली," कुसुमताई आतून म्हणाल्या, आणि तबक घेऊन निर्धास्त पुढे झाल्या.