आत्याचा सकाळचा निरोप

ऑफिसात त्याला सगळे बघतोराव म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. नाव पडलं ते कामावरून. कंपनीच्या सर्व्हरचा जो मोठा ताफा होता, त्यावर एक प्रोग्राम डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचा आणि कुठे काही बिनसलं की टीमच्या चॅटवर बोंब ठोकायचा. हा प्रोग्राम बघतोरावानेच लिहिलेला. दिवसभर कुणा ना कुणाच्या नावाने खडे फोडतो म्हणून पोरांनी त्याचं नाव आत्या ठेवलं आणि तेव्हापासून तो प्रोग्राम ती झाला.

टीमचा रिवाज असा, की आत्या ओरडली की ज्याला सवड असेल त्याने खाली ‘बघतो’ किंवा ‘बघते’ लिहायचं. एकाने लिहिलं की बाकीचे आपापल्या कामाला मोकळे. रिवाजात खोट काढायला जागा नव्हती, पण माणसं शेवटी माणसंच. बघतोराव एकटा, घरी बसून काम करणारा, लग्न राहून गेलेला. म्हणजे याला सवडच सवड, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दर वेळी ‘बघतो’ त्याचाच. त्याखाली कुणीतरी अंगठ्याचं चित्र चिकटवायचं, की झाली सगळ्यांची विचारपूस.

बरं, बघून करायचं तरी काय? बहुतेक वेळा अडून बसलेलं मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढंच. ते त्याने आत्यालाच शिकवलं. मग नुसतं ‘बघतो’ लिहायला फोन हातात घ्यायचा त्याला कंटाळा येऊ लागला, म्हणून तेही शिकवलं. आता आत्याच ओरडायची, क्षणभर थांबायची आणि त्याच्या नावाने, त्याच्या फोटोसकट आत्याच लिहायची, ‘बघतो’. ते क्षणभर थांबणं त्याने मुद्दाम घातलं होतं, माणसाने लिहिल्यासारखं वाटावं म्हणून. पहिल्यांदा त्याला याची फार गंमत वाटली. कुणीतरी आज ना उद्या पकडेल, हसेल, चिडवेल, याची तो वाटही पाहत होता. महिन्यांमागून महिने गेले, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मग मात्र त्याला वाईट वाटायला लागलं.

आता ताईचं सांगायला हवं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, लांबच्या गावात राहणारी. यजमान गेल्यापासून तीही एकटीच. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलास का, आवाज असा का येतोय, घर झाडतोस का स्वतःच्या हाताने. एके दिवशी हा वैतागला.

“ताई, रोज फोन नको गं. मी रोज सकाळी निरोप टाकत जाईन. चालेल?”

“चालेल बाबा. पण टाकशील ना? नाहीतर माझ्या जिवाला घोर लागतो.”

थोडे दिवस त्याने शब्द पाळला. मग तेही आत्याच्या गळ्यात बांधलं. तिथेही आळस आडवा आलाच. वेगळा प्रोग्राम कोण लिहीत बसणार? आत्या रोज सकाळी सगळा ताफा तपासून टीमला ‘सगळं ठीक आहे’ असं कळवायचीच, तीच ओळ त्याने ताईकडेही वळवून दिली. ताफ्यात काही बिघडलेलं असलं तर ती ओळ जायची नाही, पण बिघाड सकाळपर्यंत टिकू देईल तर तो बघतोराव कसला. निरोप जायचा आत्याच्या नंबरावरून. हा माझा ऑफिसचा नंबर, असं त्याने ताईला सांगून ठेवलं होतं. ताईचे फोन थांबले. आत्याला त्याने बोलायला शिकवलं होतं. ऐकायला शिकवलं नव्हतं, कारण ओरडण्यासाठी ठेवलेल्या प्रोग्रामला ऐकायची काय गरज?

त्या सकाळी टेबलावरच्या फोनने नेहमीसारखं ‘टिंग’ केलं. सगळं ठीक आहे, हे टीमला कळलं, ताईला कळलं. बघतोराव घरातल्या बोळातला गेलेला दिवा बदलायला स्टुलावर चढला, स्टूल सरकलं आणि तो फरशीवर आडवा झाला. कंबरेच्या खाली काहीतरी मोडल्याचं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

हलायला गेला, तर डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन बाहेरच्या खोलीत, टेबलावर. समोरच्या घराला कुलूप. त्याने हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. खाली शिवणयंत्राची घरघर चालू होती, ती थांबली नाही.

मग घंटी वाजली. दाराची नव्हे, आत्याची. कुठलंतरी मशीन अडलं होतं. क्षणभर शांतता, मग ‘टप’. हा त्याचा स्वतःचा आवाज, म्हणजे तो चॅटवर काही लिहायचा तेव्हा वाजणारा. इथे तो मोडलेल्या हाडाने विव्हळत पडला होता आणि तिथे त्याच्या नावाने लिहून आलं होतं, बघतो. मागोमाग कुणीतरी अंगठाही चिकटवला असणार. दुपारपर्यंत हे असंच चाललं. घंटी, टप. घंटी, टप. आपण मेलो तरी आपण कामावर हजरच राहणार, हे त्याला तेव्हा कळलं.

ज्याने एकही मशीन पडू नये म्हणून आजवर जिवाचं रान केलं, तो आता फरशीवर पडल्या पडल्या देवाला म्हणत होता, एखादं पाड रे बाबा. असं पाड, की आत्याच्या हाताने उठू नये.

आणि त्याला आठवलं. जुनी माहिती साठवून ठेवणारं एक मशीन होतं. त्याची डिस्क भरत आली की त्यातली रद्दी त्याला हाताने काढावी लागे. हेही आत्याला शिकवू, उद्या शिकवू, असं म्हणत ते कायमचं राहून गेलं होतं. ती रद्दी तो आजच काढणार होता. काढली नाही, तर डिस्क गच्च भरेल. आत्याला काही करता येणार नाही. टीम ‘बघतो’ वाचून निर्धास्त राहील, तिच्याकडून आशा नव्हती. पण सकाळची ती ओळ जाणार नाही. ताईला निरोप जाणार नाही. त्याचा सगळा जीव त्या न जाणाऱ्या निरोपात अडकून राहिला.

रात्र कशी गेली ते त्याचं त्याला माहीत. घसा कोरडा पडला होता, अंगाखालची फरशी गरम होत नव्हती. उजाडलं तेव्हा चपलांच्या कपाटावर ऊन आलं आणि तो कानांत प्राण आणून पडून राहिला. टिंग वाजलं तर संपलं.

घंटी वाजली. तो आनंदाने रडायला लागला. टप, लिहून आलं, बघतो. पुन्हा घंटी. पुन्हा टप. आणि मग फोन खणखणला. टीमपैकी कुणी त्याला कधी फोन केला नव्हता, म्हणजे ताईच. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला आणि मग गप्प झाला. ते गप्प होणं त्याला मोडलेल्या हाडापेक्षा जास्त लागलं. दमली असेल, ‘कामात असेल’ असं म्हणाली असेल, सोडून दिलं असेल.

खालचं शिवणयंत्र थांबलं. जिन्यावर पावलं वाजली.

“अहो, आहात का घरात?” खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली बाई, जिचा नंबर ताईने मागे कधीतरी घेऊन ठेवला होता, दार बडवत होती. “तुमच्या ताईंचा फोन आलाय मला. नुसत्या रडतायत हो!”

“आहे,” तो म्हणाला. तिला ऐकू जायला त्याला तीनदा म्हणावं लागलं. मग किल्लीवाला आला आणि दार उघडलं.

हॉस्पिटलात त्याचं हाड बसवून झालं, तोवर ताई मिळेल त्या गाडीने येऊन पोचली होती. आल्या आल्या तिने त्याला यथेच्छ झापलं. या वयात स्टुलावर चढतात का, घरात एक माणूस नाही, मेला असतास म्हणजे. मग खुर्ची ओढून बसली आणि त्याच्यासाठी संत्रं सोलायला लागली. तिने गडद चष्मा लावला होता. रडून डोळे सुजले असतील म्हणून लावला असेल, असं त्याला वाटलं.

“निरोप आला नाही म्हटल्यावर हातातलं दुधाचं भांडंच सुटलं माझ्या,” ती म्हणाली. “एक दिवस चुकवला नाहीस रे तू. मी लिहिते ते वाचतोस ना सगळं?”

“लिहितेस?”

“रोज लिहिते की, तुझा निरोप आला की त्याच्या खालीच. उत्तर देत नाहीस, पण तुला कामाचा व्याप. माझं आपलं लिहून झालं की दिवस बरा जातो.” तिने फोड त्याच्या हातावर ठेवली. “ऑपरेशनच्या आदल्या रात्री तर पानभर लिहिलं. फार घाबरले होते. डोळा जाईल की काय वाटत होतं. सकाळी बघते तर तुझा निरोप, सगळं ठीक आहे. म्हटलं, हा म्हणतोय ना, मग ठीकच आहे. आणि गेले आत.”

फोड त्याच्या हातातच राहिली. हा चष्मा ऑपरेशनचा होता. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. त्या सकाळी काय ठीक होतं? सर्व्हर ठीक होते. सांगावं तर तिच्याकडे जे काही होतं ते काढून घेतल्यासारखं होणार होतं, आणि सांगायचं नाही तर या बाईच्या तोंडाकडे बघायचं कसं?

शिवणकामवालीने आणून दिलेला त्याचा फोन उशाशी होता. तेवढ्यात त्यावर घंटी वाजली.

“हे काय?” म्हणत ताईने तो उचलला आणि चष्मा वर करून वाचायला लागली. “कुठलंसं मशीन अडलंय म्हणे.”

टप.

ताई पडद्याकडे बघत राहिली. तिथे त्याचं नाव होतं, त्याचा फोटो होता आणि ‘बघतो’ लिहून आलं होतं. मग तिने त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात पांघरुणावर होते, एकात संत्र्याची फोड.

“अरे, तू तर इथे आहेस. मग हे कुणी लिहिलं?”

तो हातातल्या फोडीवरचे धागे सोलायला लागला.

“आणि मला यायचं ते?”

त्याने मान खाली घातली. चष्म्याखालून तिच्या गालावर पाणी आलं, ते तिने पदराने टिपलं. उठून जाईल असं त्याला वाटलं. गेली असती तरी तिची चूक नव्हती. पण तिने फोन पालथा करून ठेवला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

“डावा डोळा होता,” ती म्हणाली. “आधी नुसतं धूसर दिसायचं. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय, ताई,” तो म्हणाला. “पहिल्यापासून सांग.”