जास्तीचा थर

आमच्या मानवत गावात माझ्या हातून फसला न्हाई असा माणूस दाखवा, त्याचा तांब्या फुकट गिलट करून देतो. एकदा शिसपेन्सिलीची पूड चोळून मी वांग्यावर बॅटरीच्या करंटानं तांबं चढवलं अन् हळूच भाजीवाल्या कस्तुराबाईच्या पाटीत ठेवलं. बाईनं दाबून बघितलं, नख मोडलं. अख्खा बाजार हसला.

बाजार उठला की गिलटाच्या दुकानात मी अन् बॅटऱ्या. बायको जाऊन सात वर्षं झाली.

म्हणून चंद्रभान आला की लय बरं वाटायचं. कापसाच्या जिनिंगमधला लेथवाला मिस्त्री. त्या दिवशी त्यानं इंजिनाच्या पंपाचा नवा दांडा आणला, आरशासारखा घासलेला.

"मुंजाजी, पाण्यात गंजतोय, निकल चढव. केसाच्या निम्मी जागा सोडलीय, तेवढाच थर दे. उद्या हंगाम सुरू होयलाय."

"बस की मग."

"किती वेळ?"

काम दीड तासाचं. मी म्हणलं, "बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, तुझ्यासारख्या. दिवस मोडंल."

"तुझ्या तोंडात माती," म्हणत बसला.

दांडा तारेला बांधून निकलच्या हिरव्या पाण्यात सोडला. चहा झाला. त्यानं सासूची नक्कल केली, मी हसून हसून पोट धरलं. दीड तास झाला. तो उठायला लागला की मी म्हणायचो, "थांब, अजून पिवळा दिसायलाय." असे पाच तास गेले. मग पुसून दिला. लखलखीत.

सकाळी जिनिंगचा भोंगा वाजला, पण इंजिनाचा आवाज येईना. धावत गेलो. दारापसून कापसाच्या गाड्यांची रांग, अन् आत दांडा पंपात अर्ध्यातच अडकलेला.

"वीस वर्षं माप घेतोस अन् दांडा बसंना?" मॅनेजर दिनकरराव ओरडायलेते. "उद्यापसून येऊ नको!"

चंद्रभान मान खाली घालून म्हणला, "माप बरोबर होतं, साहेब."

"बरोबरच हाय त्याचं," मी म्हणलं. "मीच जास्त चढवलं."

"मुंजाजी, आज तरी मस्करी नको," दिनकरराव म्हणले.

"मस्करी न्हाई. दीड तासाचं काम पाच तास चालवलं."

"कशापायी?"

सगळे माझ्याकडं बघायले. "एकट्याला बसवत न्हाई मला."

कामगार खो खो हसले. चंद्रभान हसला न्हाई.

बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या की चढलेलं उतरतं. दुपारपोतर जास्तीचं काढून दिलं, दांडा बसला, इंजिन धडधडलं. चंद्रभानची नोकरी राहिली.

पंधरा दिवसांनी तो दुसरा दांडा घेऊन आला. दारातच उभा.

"ये की मिस्त्री, चहा टाकतो."

"किती वेळाचं काम हाय?"

"दोन तास. आईची आण."

"मग दोन तासानं येतो."

पावणेदोन तासातच झालं. काढला, धुतला, पुसला. अन् चंद्रभान येईपोतर पंधरा मिनिटं दांडा हातात धरून बसलो.