पिवळी ठिगळं

तुरुंगाच्या मोठ्या फाटकातलं छोटं दार सकाळी साडेसातला उघडलं आणि एनिडच्या नवऱ्याचा तपकिरी सूट बाहेर आला. सुटातला माणूस मात्र भलताच होता.

सूट लग्नातला. सिरिल बुटका, म्हणून बाह्या तिनंच आखूड केल्या होत्या. मधलं बटण तुटलं तेव्हा घरात तपकिरी दोरा नव्हता, तर निळ्यानंच लावलं होतं. या माणसाची मनगटं बाहीतून वीतभर बाहेर, विजारीखाली नडग्या उघड्या. एनिडनं शालीतलं बाळ छातीशी घट्ट धरलं. सिरिलनं अजून पोरीला पाहिलंच नव्हतं. ‘इथं आणू नकोस तिला,’ असं त्यानं लिहिलं होतं, ‘बाहेर आलो की पहिल्यांदा घेईन.’

“हा कोट कुठून आणलात?” तिनं विचारलं.

माणूस हसत जवळ आला. ओठ न हलवता म्हणाला, “वहिनी, गप्प राहायचं. तुमचा नवरा मजेत आहे. बोंब मारलीत तर मी सांगेन, त्यानंच हौसेनं दिला. मग बसेल तोही आत आणखी वर्षभर.” आणि तो बस थांब्याकडे चालू लागला. घाई नाही, गडबड नाही. रांगेत दोन बायकांच्या मागे जाऊन उभाही राहिला.

वर्षभर! सिरिलच्या सहा महिन्यांच्या शिक्षेतच तिनं कोळसा पुरवून पुरवून जाळला होता. तेवढ्यात पोरगी चुळबुळली आणि एनिडला सिरिलचं मागच्या महिन्यातलं पत्र आठवलं. ‘शेजारचा मॅलिन दोनदा पळाला, म्हणून त्याच्या कपड्यांवर पिवळी ठिगळं लावलीत. इथं तोंड कोणी बघत नाही, ठिगळं बघतात. त्याची सात वर्षं बाकी आहेत.’

सात. आणि ती ठिगळं आता सिरिलच्या अंगावर. तिनं फाटकाची घंटा ओढली ती सोडेचना.

दार किलकिलं झालं. तुरुंगाचे नवे अधिकारी थ्रेल साहेब सोमवारीच रुजू झालेले, मिशीला चहा लागलेला.

“माझा नवरा आत राहिलाय. सिरिल ऑकेंडन.”

“ऑकेंडन गेला. ही बघा सही.”

“तो दुसराच माणूस होता साहेब!”

थ्रेलनी तिच्याकडे फार मायेनं पाहिलं. “हे बघ पोरी, होतं असं. बायको समोर उभी असते आणि नवरा ओळख न दाखवता निघून जातो. घरी जा, गरम चहा घे.”

“माझा नवरा मला कळत नाही होय?”

“कागदावर ऑकेंडन आहे.”

“विजार कुठपर्यंत येत होती, ते नाही का कागदावर?”

थ्रेल जरा घुटमळले. “तुरुंगात माणसं वाढतात,” ते म्हणाले. मग स्वतःलाच ते पटलं नाही.

खालच्या वळणावर बस दिसू लागली होती. एनिडचा आवाज चिरकला. “मॅलिन कुठंय, ते सांगा.”

“कोठडीत. सहाला मी स्वतः पाहिला. कालच्या आंघोळीपासून डोकं उठवलंय नुसतं. म्हणे, ‘मी मॅलिन नाही, कपडे बदलले माझे.’ तो दर आठवड्याला नवं नाव सांगतो. मागच्या खेपेला पाद्री होता म्हणे.”

“या खेपेला कोणतं नाव सांगतोय?”

“ऑकें...” म्हणता म्हणता थ्रेलनी कागदावरची सही पुन्हा पाहिली.

“साहेब, तुम्ही माणूस पाहिलात, की ठिगळं?”

मिशीवरचा चहा खाली ओघळला. मग शिट्टी इतक्या जोरात वाजली की बाळ रडायलाच लागलं. दोन शिपाई थांब्याकडे धावले. बस आली होती, पण पुढच्या बाईचे सुटे पैसे सांडले होते आणि मॅलिन सभ्यपणे थांबला होता. रांग मोडली असती तर लोकांनी त्याच्याकडे पाहिलं असतं. नडग्या उघड्या टाकून तो तसाच पकडला गेला.

त्याला आत नेताना तो एनिडकडे बघून मोठ्यानं म्हणाला, “सूट ऑकेंडननंच दिला मला!”

दार बंद झालं. पंधरा मिनिटं. वीस. पोरगी रडून रडून झोपली. आत काय विचारत असतील सिरिलला? आणि तो घाबरला की भलतंच कबूल करतो, चोरीच्या वेळीही शेजाऱ्याचा गुन्हा स्वतःवर घ्यायला निघाला होता.

दार उघडलं तेव्हा आधी थ्रेल आले. त्यांचा चेहरा पडला होता. “कालपासून एकोणीस वेळा नाव सांगितलं ऑकेंडननं,” ते हळूच म्हणाले. “पहाऱ्याच्या वहीत एकोणीसही वेळा लिहिलंय. सूट हौसेनं देणारा माणूस एवढं ओरडत नाही.”

त्यांच्या मागून सिरिल आला. सूट पुरावा म्हणून आतच राहिला होता. अंगात तेच कपडे, गुडघ्यावर नि छातीवर पिवळी ठिगळं, बाह्या बोटांवरून लोंबत होत्या. घसा पार बसला होता.

“एनिड, आवाजच गेला बघ,” तो कुजबुजला.

तिनं स्वतःचा कोट त्याच्या खांद्यांवर टाकला, बटणं लावली. अशा कपड्यांत बसमध्ये चढलेला माणूस पुढच्याच चौकात धरला जायचा. मग पोरीला त्याच्या हातात दिलं. खालून तिनं आपलेही हात लावले. पोरगी जागी झाली, अनोळखी तोंडाकडे टक लावून बघत राहिली, आणि कोटाच्या फटीतून दिसणारं पिवळं ठिगळ तिनं मुठीत गच्च पकडलं.

“मूठ सोडव ना तिची,” एनिड रस्त्याकडे बघत म्हणाली. “बस येतेय.”

“राहू दे,” सिरिल म्हणाला.