धाकटीचं कपाट

"बघा ना जाऊबाई, एका बोटानं उघडतं!" धाकटीने नव्या कपाटाचं दार पुढे ओढलं.

थोरलीने नाक मुरडलं. "पाइनचं लाकूड ना? नखानंसुद्धा ओरखडा उठतो त्यावर. आमचे हे सागाशिवाय कशाला हात लावत नाहीत."

तेही खरंच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही सुतार. थोरला लोकांकडे सागाची दारं चढवायचा आणि बायकोला म्हणायचा, "मनाजोगता साग मिळू दे, मग बघ तुझं कपाट!" लग्नाला तीस वर्षं झाली, तरी थोरलीची भांडी आपली जमिनीवरच. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आणि या कालच्या पोरीला आठवड्यात कपाट? त्या पिवळसर फळ्या, तपकिरी गाठी, राळेचा तो ताजा वास... थोरलीचा नुसता जळफळाट झाला.

धाकटी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, तशी हिने पितळी पातेलं उचललं आणि त्याची कड कपाटाच्या दारावर हाणली. लाकूड निमूटपणे दबलं. मग आणखी दोनदा हाणली.

"चुकून लागलं गं," धाकटी परतल्यावर ती म्हणाली. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिचा नवरा कामासाठी परगावी होता, म्हणून थोरल्याला बोलावणं गेलं.

त्याने पोच्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेने लाकूड फुगून हळूहळू वर येऊ लागलं. "अजून पॉलिश नव्हतं, म्हणून निभावलं," तो म्हणाला. धाकटी दुसरं फडकं आणायला बाहेर गेली, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. "चुकून लागलं तर एक पोचा पडतो. इथं तीन आहेत."

थोरली खाली बघत राहिली. तो मात्र दारावरून तळवा फिरवत होता. "काय सांधा जुळवलाय पठ्ठ्यानं!"

ते तिला सोसलं नाही. "पुरे करा! मलाही पाइनचंच करून द्या. तुमचा साग येईपर्यंत माझी लाकडं जातील मसणात!"

घरी आल्यावर त्याने तिला भिंतीशी उभं केलं. "हात वर कर. पोचेल तिथंच वरचा खण घेतो."

तिने हात उचलला. खांद्यात कळ आली. टाचा उंच केल्या, तरी हात डोक्याच्या वर फारसा जाईना.

"एवढाच?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आता एवढाच."

त्याने तिच्या बोटांपाशी पेन्सिलीने खूण केली आणि तिचा हात धरून सावकाश खाली आणला.