दोन कॉइल आणि एक काटा

मुलीनं सकाळीच बॅग दारात आणून ठेवली.

"बाबा, दुपारी निघायचंय. काटा बरोबर चालला तर आईची गाडी नेते. नाहीतर मी बसनं जाते आणि गाडी भंगारात द्या. अशी उभ्या उभ्या सडताना मला बघवत नाही."

तिला ऐकू फार कमी येई. इंजिनाचा आवाज तिला कळत नसे, म्हणून आईनं तिला काट्यावर गाडी शिकवली होती. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा दोन हजारावर आला की गिअर बदलायचा. आई जाऊन सात महिने झाले होते. मागोमाग गाडीनंही मान टाकली. ठिणगी देणारी जुनी कॉइल जळाली.

बाप वायरमन. त्यानं एकीच्या जागी दोन नव्या कॉइल बसवल्या होत्या. इंजिन सुरू व्हायचं, पण काटा निम्माच चढायचा. त्याची वायर एकाच कॉइलला जोडलेली, तर त्याला निम्म्याच ठिणग्या कळणार.

"एवढंच ना!" म्हणत बापानं दोन्ही कॉइलच्या निगेटिव्ह वायरी काट्याच्या वायरीला पिळल्या आणि वर टेप मारली. चाळीस वर्षं घराघरांतले न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीच्या वायरी, असेच एकत्र पिळलेले. हाताला दुसरं माहीतच नव्हतं.

किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली, मागून धाडकन बार निघाला आणि सगळं थंड.

शेजारच्या दारातून मेहुणी आली. ती शिवणकाम करायची. गळ्यात मापाची टेप, ओठात टाचणी. टाचणी काढून म्हणाली, "भावोजी, तोफेची सलामी कुणाला?"

"गप गं. वायरी बरोबर आहेत."

"असतीलच. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात उजेड पाडलात. कॉइलच्या खोक्यात माहितीचा कागद आला असेल ना?"

"कागद वाचून कामं करतो का मी?"

"तुम्ही कशाला वाचाल? ताई वाचायची आणि तुम्हाला सांगायची."

खरंच होतं ते. मिक्सर असो की पंखा, कागद ती वाचायची. तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला. मेहुणीनं जीभ चावली आणि कचऱ्याच्या डब्यातून खोकं काढलं. कागद लांब धरून ती मोठ्यानं वाचू लागली, "दोन्ही निगेटिव्ह वायरी थेट जोडू नयेत..."

बापानं कपाळावर हात मारला. घरातला न्यूट्रल सगळ्यांचा एक. इथं ठिणगीचा हुकूम याच वायरीवरून यायचा. दोन्ही जोडल्यावर एकीचा हुकूम दोघींना जात होता, आणि ठिणगी नको तेव्हा पडत होती.

"पुढे वाच."

"प्रत्येक वायरीत एक डायोड घालावा."

डायोड म्हणजे वीज एकाच बाजूला जाऊ देणारा मण्याएवढा तुकडा; काट्याकडे खूण जाईल, पण एका कॉइलमधून दुसरीकडे काही जाणार नाही. बापानं एक जुना चार्जर फोडून दोन काढले. पिळलेल्या वायरी सोडवल्या आणि डायोडवरचा पट्टा काट्याच्या बाजूला ठेवून ते झाळले. या वेळी कागदाशी दोनदा ताडून पाहिलं.

इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. काटा उठला, हजाराच्या जरा खाली, पूर्वी यायचा तिथंच, स्थिर झाला.

मुलगी चाकामागे बसली. काट्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या सीटवर थाप मारून म्हणाली, "या. तुमचे कान खरं सांगतील."

आई गेल्यापासून तो या गाडीत बसला नव्हता. बसला. गल्लीत गाडी धावू लागली. इंजिनाचा सूर चढला, आता बदलायला हवा असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात तिनं गिअर बदलला. दुसऱ्यांदाही तसंच. त्यानं अंगठा वर केला.

ती परत फिरलीच नाही. मोठ्या रस्त्यावरच्या सिग्नलला थांबल्यावर तिनं त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"अगं, तुझी बॅग दारातच राहिली! आणि माझ्या पायात चपला नाहीत."

"बॅग घ्यायला परत येऊच," ती म्हणाली. "तोवर तुम्ही उतरू नका."