वरणाच्या रांगेतली शाल

वाढायला माणूस मिळणं किती कठीण असतं, हे लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्याला विचारावं. तीस वर्षं मी कळमेश्वरहून मोठमोठे गंज टेम्पोत घालून नागपुरात जातो आणि लोकांची लग्नं, बारशी, तेरव्या पार पाडतो. स्वयंपाकाची मला कधी चिंता वाटली नाही. चिंता वाढप्यांची. पैसे देऊन आणलेली माणसं दुसऱ्या पंगतीला गायब होतात. घरची माणसं तर विचारूच नका. नवरदेवाचा मामा मोठ्या हौसेने दोन जिलब्या वाढतो, फोटो निघाला की हौस फिटते आणि मामा जेवायला बसतो.

म्हणून लुथरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या युवा संमेलनाचं काम पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी चक्रावून गेलो होतो. दर तीन वर्षांनी नऊ राज्यांतून दोन हजार पोरंपोरी येतात. नागपूर देशाच्या मधोमध, गाड्या सगळीकडून येतात, म्हणून इथे. एका शाळेचं मैदान, तीन दिवस. त्यांची वाढायची, पाणी द्यायची, झाडायची कामं दीडशे माणसं करतात, सगळी नागपूर-छिंदवाड्याकडच्या मंडळ्यांमधली. रजा टाकून येतात आणि टी-शर्ट पदरच्या पैशाने घेतात. बँकेतली अधिकारी बाई कांदे चिरते. कॉलेजातले प्राध्यापक संडासापाशी बादल्या भरतात आणि भरता भरता गातात. बादल्या भरणारे मी पुष्कळ पाहिले, गाणारे नव्हते पाहिले.

माझा स्वभाव चौकस. मी विचारलं. बँकेतली उन्नती म्हणाली, "वर्षभर काउंटरवर लोकं माह्यावर खेकसते, शालिकभाऊ. इथं पोट्टे ताट पुढं करून हसते. आणखी काय सांगू?"

त्यांच्या पाळकांना विचारलं, तर ते म्हणाले की त्यांच्या पंथाचं मूळच असं, देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते.

"मंग राबता काहून?" मी म्हणालो.

"मिळावी म्हणून नाही राबत. मिळाली म्हणून."

हे लग्नातल्या मामाला सांगून पाहावं, असं मनात आलं. पण मामाला तर जिलबीही फुकट मिळते आणि तो जागचा हलत नाही.

या सगळ्यांत जयवंताबाई साळवे वेगळ्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नवरा वारला, मुलगी वैभवी बंगळुरूला. मागच्या सगळ्या संमेलनांत त्या एकाच जागी उभ्या राहिल्या, वरणापाशी. वरण वाढणं ही साधी गोष्ट नाही. डाळ तळाशी बसते आणि पाणी वर येतं. न हलवता वाढलं तर पहिल्याला पाणी मिळतं आणि शेवटच्याला पिठलं. जयवंताबाई प्रत्येक वेळी ओगराळं तळापर्यंत नेत, आणि वर आणताना समोरच्या पोराकडे पाहत. ताटाकडे नाही, हाताकडे. "बस" म्हणणाऱ्याचा हात मागे गेला तर थांबायच्या. तोंडाने "बस" आणि हात तिथेच, तर अर्धं ओगराळं आणखी पडायचंच.

आपल्याकडे पहिलं "बस" खरं धरणारा माणूस अडाणी समजतात. पण दोन हजार ताटांना अर्धं अर्धं जास्त पडलं की आचाऱ्याचा अंदाज कोसळतो. मागच्या संमेलनात मला तीनदा वरण चढवावं लागलं होतं. तेव्हा मी संतापलो होतो, आणि यंदा व्यवस्था पाहणारा स्वानंद दोन महिने आधी भेटायला आला तेव्हा तो संताप मी त्याच्यासमोर ओकलो. "त्या बाईले वरणापासून दूर ठेव," मी म्हणालो. "अन् आग्रह बंद कर. बस म्हटलं की थांबायचं."

स्वानंद लहानपणी जयवंताबाईंच्याच रविवारच्या शाळेत शिकलेला. त्यांच्यावर त्याची माया खरी. म्हणून त्याने मला जमलं नसतं ते केलं. त्यांचा सत्कार ठेवला.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला जयवंताबाई आल्या. पिशवीतून घरचा एप्रन काढला. स्वानंद कानाला बोलायचं यंत्र लावून धावत आला आणि त्याने दोन्ही हातांनी तो एप्रन हळूच काढून घेतला.

"मावशी, आता तुम्ही काहीच करायचं नाही. खूप केलं. अकरा वाजता स्टेजवर तुमचा सत्कार आहे."

"सत्कार कर ना बापा. पण वरण कोण पाहते?"

"उन्नती पाहणार आहे. तुम्ही फक्त समोर बसा."

अकरा वाजता त्यांना गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेली शाल पांघरली, पांढरी, जरीच्या काठाची. फुलं दिली. दोन हजार पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिल्या रांगेतल्या, पाठीवर "विशेष अतिथी" असा कागद चिकटवलेल्या खुर्चीवर त्यांना नेऊन बसवलं. ऑक्टोबरच्या उन्हात ती शाल त्या काढू शकत नव्हत्या आणि खुर्चीवरून उठूही शकत नव्हत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

दुपारी त्या माझ्या भट्टीकडे आल्याच.

"शालिकभाऊ, स्वयंसेवकांच्या फोनवरच्या फॉर्ममदी माहं वयच नाही गा. पंचावन्नच्या पुढं बोटच सरकत नाही."

मी कांद्याच्या पोत्याकडे पाहत राहिलो. पोतं कळमन्याच्या बाजारातलं, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"आराम करा ना बाई," मी म्हणालो. "एवढी वर्षं उभ्या राहिल्या."

"आराम तर घरी हायेच. वाटीभर डाळ शिजवते, तेही दोन टाइम पुरते. आणखी वाढ म्हणणारं घरात कोणी नाही राहिलं, भाऊ. तीन वर्षं मी या तीन दिवसांची वाट पाहते. आता मले खुर्चीत बसवलं, म्हणजे पुढच्या वेळी बोलावणार पण नाही."

मी गडी माणसावर ओरडलो, तेल जळते म्हणून. तेल जळत नव्हतं. मीच स्वानंदला सांगितलं होतं, हे बोलायची ती वेळ होती, आणि ती मी घालवली.

त्या दिवशी दोन्ही वेळा वरण उरलं. एक तृतीयांश. मी आधी खूश झालो, म्हटलं अंदाज बसला, वर शिल्लकही. पण उरलेलं अन्न आचाऱ्याला झोंबतं. वाटलं, पोरांना चव आवडली नसेल. दुसऱ्या दिवशी फोडणीत लसूण दुप्पट टाकला. तरी उरलं. भातही उरला.

मी जाऊन रांगेपाशी उभा राहिलो. प्रत्येक स्वयंसेवकाच्या गळ्यात कार्ड होतं, त्यावर छापलेलं: "आग्रह नको. नासाडी नको. बस म्हणताच थांबा." माझंच वाक्य, फक्त छापलेलं. आणि ही नागपूरची माणसं, जन्मभर पाहुण्याच्या "नको नको"वर पोळी टाकणारी, शिस्तीने थांबत होती. उन्नती गंजाच्या वरवरचं पातळ वरण उचलत होती. झारखंड, आसामकडची पोरं लाजरी. ओगराळं ताटावर येताच तोंडातून "बस" निघायचं, आणि हात तिथेच राहायचा.

ते हात मी पाहिले. पाहूनही परत भट्टीवर आलो, कारण अंदाज माझा होता.

तीन वाजता मैदानावर खेळ चालू असताना आसामातली एक मुलगी चक्कर येऊन पडली. सगळे पाण्याच्या बाटल्या घेऊन धावले. जयवंताबाई कालचीच शाल सावरत सगळ्यांच्या आधी पोचल्या. नाडी धरली, डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, मुलीच्या मैत्रिणीला हिंदीत विचारलं की काल आणि आज हिने काय खाल्लं. मैत्रिणीने तळहातावर बोटाने छोटं वर्तुळ काढून दाखवलं.

"ऊन नाही लागलं," जयवंताबाई स्वानंदला म्हणाल्या. "उपाशी आहे पोट्टी. अन् ही एकटी नसन."

"पण मावशी, जेवण तर उरून राहिलं..."

"म्हणूनच म्हणते."

स्वानंदचा चेहरा उतरला. त्याने कानातलं यंत्र काढून खिशात घातलं. मुलीला साखरपाणी दिलं, भात भरवला आणि अर्ध्या तासात ती उठून बसली. जयवंताबाई पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. तिथेच बसायचं, असं त्यांना सांगितलेलं होतं.

मी स्वानंदला बाजूला घेतलं. "कार्डावरचं ते वाक्य माहं होतं," मी म्हणालो. "अन् चुकीचं होतं."

"आता संध्याकाळी काय करायचं, भाऊ? नऊ भाषांत सांगू का, पोटभर जेवा म्हणून?"

"सांगून कोणी जेवते का?"

संध्याकाळी सातला ताटं निघाली. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना गाण्यातून होते, आणि यंदा प्रत्येक भाषेचं एक कडवं ठेवलं होतं. तेवढ्यात भात निवतो, पण वरणाचा गंज माझ्याकडून थेट भट्टीवरून येतो. त्याच्या काठाला हात लावण्याची सोय नसते. गळ्यातली कार्डं सगळ्यांनी काढली होती, पण सवय लागली होती. पहिल्या पोराने "बस" म्हटलं आणि उन्नती थांबली. दुसऱ्याला पाणी, तिसऱ्याला पाणी. गंज एका बाजूला कलता केल्याशिवाय तळाची डाळ येणार नव्हती. उन्नतीने काठ धरून पाहिला आणि बोटं झटकली. "फडकं आणा कोणी!" ती ओरडली. फडकं माझ्या खांद्यावर होतं. मी भट्टीकडून निघालो, पण मध्ये शंभर पोरांची रांग.

खुर्चीवरून जयवंताबाई उठल्या. चालत आल्या, घाई नाही. वाटेतच शाल खांद्यावरून उतरवली, एक घडी, दुसरी घडी, तिसरी. जरीचा काठ आत गेला. ती जाड घडी त्यांनी गंजाच्या तापलेल्या काठावर ठेवली, दोन्ही हातांनी धरली आणि गंज कलता केला.

"सत्काराची शाल आहे ती, मावशी!" कोणीतरी म्हणालं.

"कामाची तर हाये," त्या म्हणाल्या. "उन्नती, खालून हलव वं. तळापर्यंत ने. आता त्याच्या हाताकडं पाह्य. गेला का मागं? नाही ना? मंग टाक."

उन्नतीने टाकलं. घट्ट, पिवळं वरण भातावर पसरलं आणि पोरगा हसला. पुढचा आला. "बस." "हात पाह्य वं, हात." पुन्हा पडलं. वीसेक ताटं झाली तोवर मी तिथे पोचलो होतो. स्वानंदही माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

माझ्या धंद्यात एक रीत आहे. भट्टीपासून रांगेपर्यंत आचाऱ्याचा शब्द चालतो, यजमानाचा नाही. मी माझ्या खांद्यावरचं फडकं घेऊन गंजाचा काठ धरला आणि उन्नतीला म्हणालो, "ओगराळं बाईले दे." जयवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वानंदकडे. स्वानंदने मान हलवली. त्याच्या होकाराची गरज नव्हती, पण मान हलवताना त्याचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं.

वरण संपलं. मी दुसरं चढवलं. तेही संपलं. तिसऱ्यांदा डाळ धुताना मी शिव्या दिल्या, पण हलक्या आवाजात. दुपारी पडलेली मुलगी रांगेत आली, तोंडाने "बस" म्हणाली, आणि आणखी अर्धं ओगराळं पडेपर्यंत ताट तसंच धरून राहिली. नंतर ती पुन्हा आली. या वेळी "बस" म्हणाली नाही. सरळ ताट पुढे केलं. जयवंताबाईंनी तिच्याकडे पाहून ओगराळं इतकं भरलं की माझा जीव कळवळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाड्या सुटल्या. मैदान रिकामं झालं. मी गंज घासून घेत होतो तेव्हा जयवंताबाई नळावर आल्या. हातात ती शाल. मधोमध वरणाचा मोठा पिवळा डाग, घडीपाशी थोडी करपलेली.

"बाई," मी म्हणालो, "तुमाले वरणापासून दूर ठेव, असं मीच सांगतलं होतं स्वानंदले."

"माहीत आहे मले. त्यानं कालच सांगतलं." त्यांनी शाल उलगडून माझ्यासमोर धरली. "हे पाहा. निघन का हा डाग?"

मी कापड बोटांत धरून पाहिलं. तीस वर्षांचा अनुभव आहे, खोटं कशाला बोलू?

"नाही निघायचा. हळद आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी शालीची घडी घातली, डाग वर येईल अशी, आणि ती एप्रनसोबत पिशवीत ठेवली.